सही करताना हात थरथरतो

निवडुंग
बरेच दिवस लिहू की नको करत होतो. गेल्या महिन्यात आमच्या फ्लॅटचं रजिस्ट्रेशन झालं. करारनामा ७२ पानांचा आणि प्रत्येक पानावर सही. घरी टेबलाशी बसून कितीही सह्या मागा, करीन. तिथे मात्र एजंट शेजारी उभा राहून पानं उलटतोय, मागे रांग, बिल्डरचा माणूस सारखं घड्याळ बघतोय. पाचव्या-सहाव्या पानाला हात थरथरायला लागला. विसाव्या पानापर्यंत सहीतला 'ग' ओळखू येईना. एजंट म्हणाला, "साहेब, आरामात. कुणी पळून जात नाही." ते ऐकलं आणि कोपरापर्यंत कापरं भरलं. बायकोने पाणी पुढे केलं, ते मी घेतलंच नाही. ग्लास धरला असता तर पाणी करारनाम्यावर गेलं असतं.

हे आजचं नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात कप बशीत वाजायला लागला, तेव्हापासून कुणाकडे गेलो की बशी खाली ठेवतो आणि कप दोन्ही हातांनी धरतो. लोकांना वाटतं याला थंडी वाजतेय. ऑफिसात मस्टर जाऊन अंगठ्याची हजेरी आली तेव्हा मला किती आनंद झाला ते कुणाला सांगताही आलं नाही. एक चेक सही जुळत नाही म्हणून परत आलाय.

वय ३८. दारू नाही, तंबाखू नाही, चहा चार-पाच वेळा. वडील ७१ वर्षांचे आहेत, अजून सुईत दोरा ओवतात. एकटा असलो की हात शांत असतो. हे भीतीमुळे होतं की नसांचा काही आजार आहे? रात्री पार्किन्सन शोधत बसलो होतो, झोप उडाली.

कोकमसार
माझे पाय. उभं राहून चार वाक्यं बोलायची म्हटली की गुडघे लटपटतात. साडीमुळे दिसत नाही एवढंच. खुर्ची टाकून बसलेय, लिहा लोकहो.

घाटमाथा
मन खंबीर करा राव. सही करायला कसली भीती? रोज सकाळी कपालभाती करा, पंधरा दिवसांत फरक पडेल.

अर्धशिशी
मी फिजिशियन आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही. आणि धाग्यावरून निदान होत नाही, हे आधीच सांगते.

निवडुंग, पार्किन्सनमधला कंप बहुतेक वेळा हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना दिसतो. सुरुवात एका बाजूने होते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात एखादी गोळी वळत असल्यासारखी हालचाल, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. हात कामाला लावला की ती कमी होते. अक्षर बारीक होत जातं, चाल मंदावते. तुमचं वर्णन जवळजवळ उलट आहे.

आता एक गंमत करून बघा. हात समोर ताठ करा, बोटं पसरा आणि पंज्यावर कोरा कागद ठेवा. कागदाची कड थरथरेल. तुमची, माझी, तुमच्या वडिलांची, सगळ्यांची. प्रत्येक निरोगी माणसाच्या हाताला सेकंदाला ८ ते १२ वेळा असा बारीक कंप असतोच, तो डोळ्याला दिसत नाही इतका लहान असतो. म्हणजे भीतीने कंप नव्याने निर्माण होत नाही. जो आहे तोच मोठा होऊन दिसायला लागतो.

तो मोठा होतो तो ॲड्रिनलिनमुळे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, धोका जाणवला की त्या हे रसायन रक्तात सोडतात. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळव्यांना घाम येतो, स्नायू पळायच्या किंवा झोंबायच्या तयारीत ताणले जातात. पळायला मिळालं तर ती तयारी कामी येते. तुम्ही मात्र खुर्चीत बसून बॉलपेन धरलेलं असतं. ज्यांना दमा आहे त्यांना विचारा: सालब्युटामॉलचा पंप घेतला की हात थरथरतात. भीतीचा पत्ता नसतो, तरीही. कारण ते औषध स्नायूंमधल्या त्याच बीटा रिसेप्टरांवर (रसायन जिथे जाऊन चिकटतं त्या जागांवर) काम करतं ज्यांच्यावर ॲड्रिनलिन करतं. तेव्हा "मन खंबीर करा" हा सल्ला पंप घेतलेल्या माणसाला देऊन बघा.

तरीही तपासणी करून घ्याच. थायरॉइड वाढलेला असेल तर हात बारीक कापतात, सोबत वजन उतरतं, उकडतं, धडधडतं. त्यासाठी टीएसएच ही रक्ताची तपासणी पुरते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उतरली की घाम आणि थरथर येते, तिथे श्वासाचे प्रयोग करत बसायचं नाही, आधी साखर खायची. काही औषधांनीही कंप येतो: थिओफायलिन, लिथियम, व्हॅल्प्रोएट. रोज पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली आणि दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले, तर ते घरी निस्तरायचं प्रकरण नाही, दवाखाना गाठा.

आणि कपालभाती. सकाळी करा, माझी हरकत नाही. पण घाबरलेल्या क्षणी नको. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास सोडत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, बोटं आखडतात, गरगरतं. मग माणसाला वाटतं हार्ट अटॅक आला. त्यावर आणखी जोरजोरात श्वास म्हणजे आगीत तेल.

घाटमाथा
बरं बाई. मग त्या क्षणी करायचं काय ते सांगा.

अर्धशिशी
'दीर्घ श्वास घ्या' असं म्हटलं की लोक छाती फुगवतात, तिथेच चुकतं. घेण्यापेक्षा सोडण्याकडे बघा. चार अंक मोजत नाकाने साधा घ्या, सहा मोजत सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. भ्रामरीत गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो, तेही चालेल, फक्त निबंधकाच्या कार्यालयात नको. :)

हे घरी शांतपणी रोज पाच मिनिटं केलेलं असलं तरच तिथे आठवतं. आणि थरथर एका मिनिटात थांबेल असं समजू नका. ॲड्रिनलिन उतरायला वेळ घेतं.

शेवग्याची शेंग
मला इसेन्शियल ट्रेमर आहे, म्हणजे हात कामाला लावला की कापायचा आजार. आईला होता, मामालाही आहे. निवडुंगदादा, "एकटा असलो की शांत" यावर एकदम विसंबू नका. माझेही हात एकटीत कमी आणि चारचौघांत जास्त कापतात. म्हणून कॉलेजपासून मी स्वतःला भित्री समजत आले. निदान झालं तेव्हा ४१ वर्षांची होते. फरक एवढाच की भरलेला कप एकटीतही हिंदकळतो, चमच्यातलं सूप तोंडापर्यंत पोचत नाही, सुईचं तर नावच नको.

मेंदूविकारतज्ज्ञांनी मला कागदावर जिलबी काढायला लावली. मधून सुरुवात करून बाहेर जाणारं वेटोळं, हात टेबलाला न टेकवता. माझ्या जिलबीला करवतीचे दाते आले. हे त्यांच्यात नेहमीचं आहे म्हणे. तुम्ही रात्री एकट्याने एक जिलबी काढा, मग वहिनींना समोर बसवून दुसरी. दोन्ही कागद तारीख घालून डॉक्टरांकडे न्या.

माझ्याकडे भीतीने आजार दिला नाही, आजाराने भीती दिली. लग्नात अक्षता टाकताना अर्ध्या आधीच सांडलेल्या असत.

निवडुंग
शेंगताई, जिलबी काढली. एकट्याने काढलेली चितळ्यांच्या दुकानात शोभेल. बायको समोर बसल्यावरची जरा फाफड्याकडे झुकली, पण तिने "हसू का?" असं विचारल्यामुळे तो निकाल धरता येणार नाही.

तिसरी घंटा
हौशी रंगभूमीवर २६ वर्षं. माझं निरीक्षण सांगतो, वैद्यकीय दावा नाही.

पहिल्या प्रवेशाआधी विंगेत हात कापत नाहीत असा नट मला भेटलेला नाही. भेटला तो एक, आणि त्याचं काम पडेल होतं. आमचे एक जुने दिग्दर्शक सांगायचे, अंगात आलंय ना, मग ते वापर. विंगेत दोन्ही तळहात भिंतीला लावायचे आणि भिंत हलवायचीय असा जोर करायचा, वीसेक सेकंद. सोडायचं. पुन्हा. जिना असेल तर चढून उतरायचं. स्नायूंना काम मिळालं की थरथर निम्मी होते. एका जागी पुतळ्यासारखं उभं राहिलात की गुडघे वाजलेच. कोकमसार, पहिलं वाक्य दोन पावलं चालत बोला. आणि गुडघे मागे ताठ खेचून लॉक करू नका.

दुसरं, हातात सुटा कागद कधीच धरायचा नाही. कागद म्हणजे थरथरीचा लाउडस्पीकर. अभिवाचनाला आम्ही पानं जाड पुठ्ठ्यावर लावतो. माइक स्टँडवर. पाण्याचा ग्लास अर्धाच भरलेला. सही करताना मनगट आणि हाताची कड टेबलावर पूर्ण टेकवा, पेन जरा जाड घ्या, चिमटीत आवळू नका. जितकं आवळाल तितकं जास्त नाचेल.

मु. पो. सॅन होजे
तिसरी घंटा, भिंत ढकलणं पटलं. पुठ्ठा आणि अर्ध्या ग्लासाबद्दल मात्र मला भांडायचंय, कारण माझं बारा वर्षांचं नुकसान अशाच युक्त्यांनी झालंय.

मी मीटिंगमध्ये कप उचलायचोच नाही. नंतर झाकणाचा मग. मग फक्त बाटली. मग कॅमेरा बंद. प्रत्येक युक्ती चालली. आणि चालली म्हणूनच मन काय शिकलं? की मग होता म्हणून आज वाचलो, नाहीतर काही खरं नव्हतं. थरथर दिसली तर पुढे काय होतं हे मला बारा वर्षांत एकदाही कळलं नाही, कारण मी ती कधी दिसूच दिली नाही. निवडुंग यांची खाली ठेवलेली बशी त्याच जातीची आहे.

शेवटी इथे एका थेरपिस्टकडे गेलो. बारा बैठका. दुसऱ्या बैठकीत तिने मला जगमधून पाणी ओतायला लावून मोबाईलवर चित्रण केलं. ओतताना मला विचारलं, किती कापतोय? मी म्हणालो, दहापैकी नऊ. चित्रण बघितलं तर फार तर तीन. आतून जाणवणारं कापरं आणि बाहेरून दिसणारं यांच्यात इतकं अंतर असतं याचा मला पत्ता नव्हता. हा प्रयोग घरी करता येतो, फुकट आहे.

पुढचा गृहपाठ वाचून हसाल. कॉफीच्या दुकानात मुद्दाम हात हलवत पैसे द्यायचे आणि चिल्लर सांडायची. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी सांडली. गल्ल्यावरच्या मुलीने नाणी गोळा केली आणि विचारलं, पावती हवी का. बस. इतक्यासाठी मी बारा वर्षं कॉफी प्यायलो नव्हतो.

लपवायची धडपड हेच अर्ध्याहून जास्त कापरं असतं, असं माझं मत झालंय. "आता कापायचं नाही, कापायचं नाही" म्हटलं की शरीराला तो आणखी एक धोका वाटतो.

तिसरी घंटा
मान्य, पण अर्धंच. माझ्याकडे दरवर्षी नवी मुलं येतात. पहिल्याच प्रयोगाला त्यांना सुटा कागद देऊन मी उभं केलं तर ती दुसऱ्या वर्षी येणार नाहीत. पुठ्ठा देतो. तिसऱ्या प्रयोगाला काढून घेतो.

मु. पो. सॅन होजे
काढून घेता ना? मग भांडण मिटलं. मला कुणी काढूनच घेतला नव्हता.

फुलपात्र
मुलीच्या बारावीच्या तोंडी परीक्षेआधी माझ्या जावेने स्वतःची अल्प्राझोलमची (भीती-घबराट कमी करणारं औषध) अर्धी गोळी तिला दिली. मुलीचे हात थांबले, पण पुस्तकात काय होतं तेही आठवेना. आता प्रत्येक परीक्षेला "ती गोळी आहे का?" विचारते. काय करू?

अर्धशिशी
जावेची गोळी बंद, आजच. ही औषधं झोप आणतात, आठवणीवर परिणाम करतात आणि सवय लावतात. रोज घेणाऱ्याने अचानक सोडणंही धोक्याचं, पण तुमच्या मुलीने एकदाच घेतलीय, तेव्हा घाबरू नका. फक्त "गोळी नसेल तर मी गेले" हा धडा तिच्या मनात पक्का होऊ देऊ नका. वर बाटलीचं लिहिलंय तीच गोष्ट.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर प्रोप्रॅनोलॉलबद्दल. १९६० च्या दशकात सर जेम्स ब्लॅक यांनी हे हृदयरोगासाठी शोधलं, १९८८ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. ते ॲड्रिनलिनची बीटा रिसेप्टरवरची जागा अडवतं, म्हणून धडधड आणि हाताची थरथर दोन्ही कमी होतात. इसेन्शियल ट्रेमरलाही देतात. भाषण, मुलाखत, वादन अशा एखाद्या प्रसंगापुरतंही काही डॉक्टर देतात. पण दमेकऱ्याला ते जिवावर बेतू शकतं. नाडी मुळात मंद असेल तर नको. मधुमेह्याची साखर उतरल्याची धडधडीची खूण ते झाकून टाकतं. रोज घेत असाल तर एकदम बंद करायचं नाही. डोस इथे लिहिणार नाही, कितीही विचारलंत तरी.

मु. पो. सॅन होजे
अवांतर: २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका पिस्तूल नेमबाजाची दोन पदकं याच प्रोप्रॅनोलॉलपायी काढून घेतली होती. नेमबाजीत आणि तिरंदाजीत त्यावर बंदी आहे. जगातले उत्तमोत्तम नेमबाजही हाताच्या थरथरीला भितात, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

शेवग्याची शेंग
मी रोज घेते. माझं सूप आता पोचतं. पूर्ण थांबलेलं नाही.

घाटमाथा
वर मी जरा घाईने बोललो. एक आठवलं ते लिहितो. सहा वर्षांपूर्वी वरंधा घाटात उतारावर समोरून ट्रक अंगावर आला. कशी गाडी डोंगराकडे दाबली ते मला सांगता येत नाही, पण हात दगडासारखे स्थिर होते. पोरंबाळं मागे होती. पुढे टपरीवर थांबलो, चहा सांगितला आणि मग जो हात कापायला लागला तो पंधरा मिनिटं. ग्लास धरता येईना. टपरीवाल्याने काही न बोलता ग्लास काढून घेतला आणि अर्धा ओतून परत दिला. मी बायकोला म्हणालो थंडी आहे. मे महिना होता.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. धोका टळल्यावर का कापलं असेल?

अर्धशिशी
धोका टळला हे डोक्याला कळतं तेव्हा रसायन अजून रक्तात असतं आणि करायला काम काही उरलेलं नसतं. गाडी दाबत होतात तोवर स्नायू कामात होते. त्यात कमकुवतपणा कुठे आला? टपरीवाल्याचा अर्धा ग्लास मात्र लक्षात राहील माझ्या.

निवडुंग, भीती मोठी असेल, म्हणजे त्यापायी कामं टाळली जात असतील, बढती नाकारली जात असेल, तर तो सामाजिक भयगंड असू शकतो आणि त्याला चांगले उपचार आहेत. सॅन होजेकरांनी सांगितलेल्या पद्धतीची थेरपी आपल्याकडेही होते. जवळपास कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं. हां, आणि चहा दोनवर आणा. निदान सही करायच्या आधीचा रिकाम्या पोटी नको.

निवडुंग
(सव्वा महिन्यानंतर) धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

टीएसएच आणि साखर ठीक. डॉक्टरांनी हातपाय वाकवून बघितले, चालायला लावलं, दोन्ही जिलब्या बघितल्या आणि म्हणाले की नसांचं काही दिसत नाही. बढती नाकारल्याचं अर्धशिशीबाईंनी सहज लिहिलं होतं, ते खरं निघालं. दोन वर्षांपूर्वी साहेबांनी सह्यांचे अधिकार असलेली जागा देऊ केली होती, मी घरची अडचण सांगितली. हे पहिल्यांदाच मोठ्याने बोललो, समुपदेशकासमोर. चार बैठका झाल्या आहेत.

पाणी ओततानाचं चित्रण बायकोने काढलं. मी सात सांगितले, तिने दोन दिले. ती माझ्या बाजूने झुकते म्हणून मेव्हण्याला दाखवलं, त्याने विचारलं, "यात बघायचं काय आहे?"

मग सह्या. आधी बायकोसमोर, मग शेजारच्या काकांना उगाच सोसायटीचा फॉर्म भरायचाय म्हणून बसवून, मग कुरियरवाल्याच्या मोबाईलवर बोटाने (ती कुणाचीच नीट येत नाही, तेवढाच दिलासा). शेवटी बँकेत, नमुना सही नव्याने द्यायला. काहींनी व्यक्तिगत निरोपातून सुचवलं होतं की सोपी, छोटी सही कर. मोह झाला होता. पण ती पुन्हा बशीच झाली असती. जुनीच ठेवली, 'ग'सकट.

काउंटरवर बसलो आणि ठरवल्याप्रमाणे बाईंना म्हणालो, "माझा हात थरथरतो, जरा वेळ लागेल." हे वाक्य बोलायला मला वीस वर्षं लागली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आधारची झेरॉक्स आणलीय?"

तीन सह्या करायच्या होत्या. पहिली भूकंपमापकासारखी आली. दुसरीत 'ग' सापडला. तिसरी माझी. आता चेक यांतल्या कुठल्या सहीशी ताडून बघणार, देव जाणे.

कोकमसार
वा! मी महिला मंडळात दोन पावलं चालत बोलले. तिसऱ्या पावलाला माइकची वायर होती. पडले नाही. गुडघ्यांची आठवणच राहिली नाही, सगळं लक्ष वायरीकडे.

तिसरी घंटा
कोकमसार, अख्खी रंगभूमी त्या वायरीवर चालते.

शेवग्याची शेंग
आणि बशीचं काय झालं, दादा?

निवडुंग
रविवारी भाचीचा साखरपुडा होता. बशीसकट कप घेतला. वाजली. सासऱ्यांनी विचारलं, साखर ढवळतोयस का? मी हो म्हणालो.

मु. पो. सॅन होजे
हो कशाला म्हणालात!

निवडुंग
सवय. पुढच्या महिन्यात बारसं आहे.